सोसायटीच्या गच्चीवर सौर: धोरण, विनियम की दर-आदेश, नेमके कशावर बोट ठेवायचे?

गच्ची_सेक्रेटरी यांचा प्रश्न

सोसायटीत तीन इमारती आहेत. लिफ्ट, पंप आणि आवारातले दिवे यांची कॉमन जोडणी एकच, थ्री फेज, सीटी मीटरवर (सीटी म्हणजे मोठा प्रवाह मोजण्यासाठी तो कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर). मंजूर भार २२ किलोवॅट. वर्षभराची बिले काढली, महिन्याला सरासरी ३,४०० युनिट लागतात. सर्वसाधारण सभेत सौर प्रकल्पाचा विषय आहे. कंत्राटदाराने ४० किलोवॅटचे कोटेशन दिले आहे, "जास्तीची वीज कंपनी विकत घेते, जितके मोठे तितका फायदा" असे तो म्हणतो. काही सभासदांचे म्हणणे, राज्याचे सौर धोरण आहे, त्यामुळे कोणी नाही म्हणूच शकत नाही.

माझे प्रश्न असे:

१. राज्यात याचा कायदा नेमका कोणता? अर्जात कशाचा दाखला द्यायचा?
२. २२ किलोवॅट मंजूर भारावर ४० किलोवॅट बसवता येतो का, आणि बसवावा का?
३. उरलेल्या युनिटचे काय होते?
४. "ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही" असे उत्तर आले तर पुढे काय?

सभेपुढे आकडे ठेवायचे आहेत, म्हणून मोघम उत्तरे नकोत.

नियमपुस्तक

पहिला आणि चौथा प्रश्न मी घेतो.

महाराष्ट्रात गच्चीवरच्या सौरविजेसाठी विधिमंडळाने केलेला स्वतंत्र अधिनियम नाही. म्हणून "राज्याचा सौर कायदा" शोधत बसलात तर हाती शासन निर्णय लागतो आणि तिथेच गाडी अडते. ३१ डिसेंबर २०२० चे अपारंपरिक ऊर्जा धोरण पाहा. त्यात २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॅटचे उद्दिष्ट होते, पैकी १२,९३० मेगावॅट सौर. शासन काय करू इच्छिते ते त्यातून कळते. पण नेट मीटर (आत घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) मागण्याचा ग्राहकाचा हक्क त्या धोरणातून येत नाही, त्यामुळे अर्जात धोरणाचा दाखला दिलात तर त्याचा काही उपयोग होणार नाही.

हक्क येतो तो असा. मूळ कायदा केंद्राचा, विद्युत अधिनियम २००३. वीज हा समवर्ती सूचीतला विषय. या अधिनियमाच्या कलम ८६(१)(ई) नुसार नवीकरणीय विजेला चालना देणे हे राज्य आयोगाचे काम आहे, आणि कलम १८१ त्याला विनियम करण्याचा अधिकार देते. त्या अधिकारात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने आधी २०१५ मध्ये आणि मग ३० डिसेंबर २०१९ रोजी गच्चीवरच्या ग्रिड-संलग्न (वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या) नवीकरणीय प्रकल्पांचे विनियम काढले. तुमच्या अर्जाचा कणा हे २०१९ चे विनियम आणि त्यांची २०२३ ची पहिली सुधारणा. आयोगाच्या संकेतस्थळावरून सुधारणेसह प्रत घ्या. कोटेशनला जोडलेली जुनी प्रत पुष्कळदा २०१५ ची असते, तिच्यात मर्यादा वेगळ्या आहेत.

विनियमांना हलक्यात घेऊ नका. ते कलम १८२ नुसार विधिमंडळापुढे ठेवले जातात. नियामक आयोगाचे विनियम म्हणजे दुय्यम विधान (कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेला नियम), हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये पीटीसी इंडियाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. कंपनीचे अंतर्गत परिपत्रक विनियमाच्या विरोधात जात असेल तर परिपत्रक मागे पडते.

दुसरा कागद केंद्राचा: वीज ग्राहक हक्क नियम २०२०, त्यातली फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती. १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा, आणि त्यासाठी भार वाढवावा लागत असेल तर तो कंपनीने वाढवायचा. १० किलोवॅटच्या वर तांत्रिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची. नाही झाली तर प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे असे धरले जाते. उभारणीचे प्रमाणपत्र दिल्यावर करार, मीटर आणि कार्यान्वयन यांसाठी पुन्हा १५ दिवस.

इथे कळीचा शब्द आहे "परिपूर्ण". एक कागद कमी असला की दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून पोर्टलवरचा अर्ज क्रमांक, तारीख, जोडलेल्या कागदांची यादी आणि "त्रुटी नाही" दाखवणाऱ्या स्क्रीनची छापील प्रत फाइलला लावा. सोळाव्या दिवशी पत्र देताना तीच कामाला येते.

आता ट्रान्सफॉर्मर. २०१५ च्या विनियमांत एका वितरण ट्रान्सफॉर्मरवर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सौर जोडता येत असे. २०१९ मध्ये ती मर्यादा ७० टक्के झाली, आणि सविस्तर भार-अभ्यास करून कंपनी त्याहून जास्तही परवानगी देऊ शकते. समजा तुमची डीपी (म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर) ३१५ केव्हीए क्षमतेची आहे. ७० टक्के म्हणजे २२०.५ केव्हीए. तिच्यावर आधीच १६० जोडलेले असेल तर ६० शिल्लक, तुमचा प्रकल्प आरामात बसतो. कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर किती जागा आहे हे कंपनीने संकेतस्थळावर दाखवायचे असते. तेव्हा "जागा नाही" हे उत्तर तोंडी घेऊ नका. ट्रान्सफॉर्मरचा क्रमांक, क्षमता आणि आधी जोडलेले किलोवॅट, हे तीन आकडे लेखी मागा. लेखी आकडे मागितले की बरेच प्रश्न तिथल्या तिथे सुटतात. नाहीच सुटले तर आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग कलम ४२(५) खालचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच (तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत), आणि मंचाच्या आदेशानंतर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि नागपूर इथे आहेत.

हे वाचणारे कोणी गोव्यातले असतील तर त्यांनी महाराष्ट्राच्या विनियमांचा दाखला देऊ नये. तिथे गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग आहे, त्याचे विनियम वेगळे.

युनिटचा_हिशेब

दोन आणि तीन.

४० किलोवॅट नको. का ते आकड्यांत पाहू.

आपल्याकडे सावलीविना, दक्षिणेकडे नीट कललेल्या पॅनेलला वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. एप्रिल-मेमध्ये त्याहून बरेच जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. तुमचा वार्षिक वापर ४०,८०० युनिट. ४० किलोवॅट वर्षाला ५७,००० च्या पुढे बनवील. म्हणजे १६,००० च्या वर युनिट दरवर्षी उरणार.

उरलेल्या युनिटचे असे होते. महिन्यात बाहेर दिलेली वीज आत घेतलेल्या विजेतून वजा होते, शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, असे ३१ मार्चपर्यंत. आर्थिक वर्षाअखेर जी शिल्लक असेल ती आयोगाने त्या वर्षासाठी ठरवलेल्या सर्वसाधारण दराने (जेनेरिक टॅरिफ, म्हणजे नवीकरणीय वीज विकत घेण्याचा दर) कंपनी विकत घेते आणि १ एप्रिलला खाते शून्यावरून सुरू होते. हा दर तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये भरता त्या दराच्या जवळपासही नसतो. कंत्राटदाराचे "विकत घेते" हे खरे आहे, पण कोणत्या भावाने हे त्याने सांगितलेले नाही. त्या वरच्या १०-१२ किलोवॅटचे भांडवल त्या भावात वसूल व्हायला फार वर्षे जातात.

आता स्लॅब. गृहनिर्माण सोसायटीच्या लिफ्ट-पंपाची जोडणी घरगुती वर्गातच येते. महावितरणच्या दरपत्रकात १००, ३००, ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. ३,४०० पैकी २,९०० युनिट तुम्ही सर्वांत महाग टप्प्यात वापरता. सौर आधी हाच टप्पा खाते. २,९०० भागिले १२० म्हणजे २४ किलोवॅटच्या आसपास. तिथपर्यंतचा प्रत्येक किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो. त्यापुढचा किलोवॅट ३०१ ते ५०० चे, मग १०१ ते ३०० चे स्वस्त युनिट वाचवतो. आणि २८-२९ किलोवॅटच्या पुढे नुसती शिल्लक. माझ्या मते तुमचा आकडा २५ ते २८ च्या मधला. येत्या दोन-तीन वर्षांत आवारात गाड्यांचे चार्जिंग येणार हे ठरलेले असेल तरच ३०.

मंजूर भाराची अट सोपी आहे: प्रकल्पाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. तुम्हाला भार वाढवावाच लागेल. इथे एक बारीक गोष्ट पाहा. थ्री फेज घरगुती जोडणीला १० किलोवॅटच्या वर प्रत्येक १० किलोवॅटला किंवा त्याच्या भागाला जादा स्थिर आकार लागतो. २२ किलोवॅटला १० च्या वर १२ होतात, म्हणजे दोन हिस्से. ३० ला १० च्या वर २० होतात, तरीही दोनच हिस्से. त्यामुळे ३० पर्यंत भार वाढवून मासिक स्थिर आकारात फरक पडत नाही. ३१ केलात की तिसरा हिस्सा सुरू, आणि तो सूर्य उगवो न उगवो दर महिन्याला भरायचा. भारवाढीचे एकदाचे शुल्क आणि अनामत मात्र लागेल, ते कोटेशनमध्ये नसते, सभेपुढे वेगळे मांडा.

अनुदान: पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये, प्रति घर ३ किलोवॅट या हिशेबाने ५०० किलोवॅटच्या मर्यादेपर्यंत. पॅनेल देशी सेलचे हवे. आणि पॅनेल व इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रिडला जोडण्याजोगी करणारे यंत्र) यांतली जी क्षमता कमी ती धरली जाते. ५४० वॅटचे ५० पॅनेल म्हणजे २७ किलोवॅट. त्यावर २५ चा इन्व्हर्टर लावला तर अनुदान २७ चे ४,८६,००० नव्हे, २५ चे ४,५०,०००. कोटेशनमधल्या पहिल्या ओळीत मोठा आकडा पॅनेलचा असतो, इन्व्हर्टरचा शोधावा लागतो.

जीएसटीही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवर ५ टक्के आहे. ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा असे धरून पूर्ण कामावर ८.९ टक्के येतात. १३.८ लावलेले कोटेशन जुन्या दराचे.

गच्ची_सेक्रेटरी

दोघांचेही आभार, हे थेट सभेच्या टिपणीत जाईल. दोन गोष्टी आणखी. काही सभासद विचारतात की उरलेली वीज फ्लॅटच्या मीटरवर वळवता येईल का? आणि स्मार्ट मीटर आल्यावर दिवसाच्या वेळेनुसार दर लागला तर हा सगळा हिशेब कोलमडतो का?

नियमपुस्तक

पहिल्याचे उत्तर छोटे: साध्या नेट मीटरिंगमध्ये नेट मीटर ज्या जोडणीला, वजावट त्याच जोडणीला. एका प्रकल्पाची वीज अनेक मीटरांवर वाटणे म्हणजे आभासी नेट मीटरिंग. ती निराळी व्यवस्था, तिचा करार निराळा. दिल्लीच्या आयोगाने त्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. कॉमन मीटरच्या अर्जात हे मिसळू नका. सभासदाला स्वतःच्या मीटरसाठी गच्चीचा हिस्सा हवा असेल तर सोसायटीच्या ना-हरकतीवर तो स्वतःचा अर्ज करू शकतो, त्याला २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० पर्यंत अनुदान आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण विनियम तुम्हाला युनिटच्या वजावटीची हमी देतात, रुपयांची नाही. रुपये ठरतात दर-आदेशात (विजेचे दर ठरवणारा आयोगाचा आदेश), आणि तो ठराविक काळाने बदलतो. वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकासाठी २०१९ च्या विनियमांत रीत अशी आहे: एका कालखंडात बाहेर दिलेली वीज आधी त्याच कालखंडातल्या वापरातून वजा होते. त्या कालखंडात उरली तर ती कमी मागणीच्या तासांत दिली असे मानले जाते. सौरवीज दुपारी बनते आणि लिफ्टची गर्दी संध्याकाळी असते. म्हणजे संध्याकाळच्या महाग युनिटला दुपारची शिल्लक लागू पडत नाही, ते पैसे भरावे लागतात.

साध्या वजावटीत पंप सकाळी चालवा की दुपारी, युनिट तेवढेच. वेळेनुसार दर आला की पंप ११ ते ३ या वेळात चालवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय. टायमर आणि टाकीतला फ्लोट स्विच आताच बसवून घ्या. प्रकल्पही आटोपशीर ठेवा. दुपारी स्वतः वापरलेले युनिट कोणत्याही दर-आदेशात तुमचेच राहते.

इन्व्हर्टरवाला

कायद्याचे झाले. मंजुरी मिळून, मीटर बसून, मग वीज वाया का जाते ते मी सांगतो, कारण बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी-मानकांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांवर गेले की इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत सुटायचे असते. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. ऐन दुपारी, ऊन कडक असताना, इन्व्हर्टरच्या पडद्यावर "ग्रिड ओव्हर व्होल्टेज" येते, रिले टक् करून पडतो, काही मिनिटांनी परत जोडतो, परत पडतो. दिवसभर हेच. सगळे पॅनेल धुवायला धावतात. दोष मात्र केबलमध्ये असतो.

हिशेब करा. ३० किलोवॅट थ्री फेजला साधारण ४२ अँपिअर. गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत ८० मीटर. कंत्राटदाराने १६ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम टाकली तर तिचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम, ८० मीटरला ०.१५३. गुणिले ४२ म्हणजे ६.४ व्होल्ट. दुपारी मीटरपाशी २४७ असेल तर इन्व्हर्टरपाशी २५३.४. पडला. तीच केबल ३५ स्क्वेअर एमएमची असती तर ०.८६८ ओहमच्या हिशेबाने २.९ व्होल्ट वाढले असते, म्हणजे २४९.९. चालू राहिला असता. अँपिअर सोसण्याच्या दृष्टीने १६ ची केबल चालते, म्हणून कोटेशनमध्ये ती बिनदिक्कत येते. तुम्ही करारात "पूर्ण भाराला केबलमधील व्होल्टेज-वाढ १.५ टक्क्यांच्या आत" अशी ओळ घाला. ३५ ची केबल त्यात बसते, १६ ची बसत नाही. मीटरपाशीच २५० च्या वर दिसत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) बदलून देण्यासाठी कंपनीला लेखी कळवा. इन्व्हर्टरमधली मर्यादा वाढवून घेऊ नका, ती सुरक्षेसाठी आहे.

जनरेटर असेल तर आणखी एक. ग्रिड गेली की सौर बंद पडणे बरोबरच आहे, लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला तो ग्रिडच वाटतो आणि तो जोडायला जातो. लिफ्ट रिकामी उभी असताना सौरवीज जनरेटरमध्ये उलटी शिरते. चेंजओव्हरवर (ग्रिड आणि जनरेटर यांत बदल करणारा स्विच) इंटरलॉक घ्या, म्हणजे जनरेटर चालू असताना सौरचा कॉन्टॅक्टर उघडाच, म्हणजे तुटलेलाच, राहील.

युनिटचा_हिशेब

पहिल्या नेट बिलाबद्दल, कारण तुमचा मीटर सीटीवर आहे. सीटी १००/५ ची आणि मीटर ५ अँपिअरचा असेल तर गुणक २०. बाहेर दिलेल्या विजेच्या रजिस्टरवर महिन्याचा फरक १०५ दिसला तर खरी वीज २,१०० युनिट. आयातीला गुणक लागतो, निर्यातीला चुकून लागत नाही, आणि बिलात १०५ च वजा होतात. पहिल्या महिन्यात हे हमखास तपासा. आयात २,५००, निर्यात २,१००, निव्वळ ४०० असे बिल यायला हवे. मीटर बदलल्याच्या दिवशी आयात आणि निर्यात दोन्ही रजिस्टरचा तारखेसह फोटो घ्या, मीटर बदल अहवालात निर्यातीची सुरुवातीची नोंद आहे का तेही पाहा. ती जागा कोरी राहिली की बिल जुन्याच पद्धतीने निघत राहते.

कार्यान्वयनाची तारीखही थोडी आपल्या हातात असते. डिसेंबर-जानेवारीत सुरू केलात आणि मार्चअखेर शिल्लक साठली तर ती कमी भावात जाते. एप्रिलच्या सुरुवातीला सुरू झाले तर उन्हाळ्याची शिल्लक जुलै-ऑगस्टमध्ये पुरी वापरता येते.

ओसरी_वाचक

वाचक म्हणून एक विचारतो. विनियम किंवा दर-आदेश बदलणार असे बातम्यांत येते, तोवर उशीर झालेला असतो. साध्या ग्राहकाला आधी मत नोंदवता येते का?

नियमपुस्तक

येते, आणि सोसायट्यांनी ते नोंदवलेच पाहिजे. विनियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करणे कलम १८१(३) नुसार बंधनकारक आहे. दराच्या बाबतीत कलम ६४: कंपनी अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करते, सूचना-हरकती मागवल्या जातात, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोग आदेश देतो. वृत्तपत्रातली ती जाहिरात आणि आयोगाचे संकेतस्थळ यांवर लक्ष ठेवा.

हरकत लिहिताना "अन्याय होतो" एवढ्यावर थांबू नका. मसुद्यातला उपखंड क्रमांक, आताचे शब्द, तुम्हाला हवे असलेले शब्द आणि तुमच्या बारा बिलांवर पडणारा फरक, एवढे एका पानात बसते. वर युनिटचा_हिशेब यांनी स्लॅबचा जो हिशेब मांडला आहे, तसाच मांडा. आदेशात आयोगाला हरकतीचा उल्लेख करून त्यावर आपले म्हणणे द्यावे लागते, आकडा असेल तर त्यावर द्यावे लागते. आदेश मान्य नसेल तर कलम १११ खाली ४५ दिवसांत विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण तो खर्च एकट्या सोसायटीला झेपत नाही. चार-पाच सोसायट्यांच्या संघाने एकत्र जावे.

कंपनीशी बोलताना एक मुद्दा हाताशी असू द्या: नवीकरणीय खरेदीचे बंधन (ठराविक टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याची सक्ती) ज्याच्यावर नाही अशा ग्राहकाच्या गच्चीवरची वीज कंपनीच्या बंधनात मोजली जाते. २०२४-२५ साठी ते बंधन २५ टक्के होते, पैकी १३.५ सौर. तुमचे २७ किलोवॅट त्यांच्याही खात्यात जमा होतात.

गच्ची_सेक्रेटरी

ठरावाचा मसुदा असा करतो आहे: पॅनेल २७ किलोवॅट, इन्व्हर्टर ३० किलोवॅट, मंजूर भार ३०, केबल ३५ स्क्वेअर एमएम, पंपाला टायमर, जनरेटरला इंटरलॉक. काही राहिले का?

इन्व्हर्टरवाला

पॅनेल धुण्यासाठी गच्चीवर नळ, आणि रांगांमध्ये माणूस चालेल एवढी जागा. ५० पॅनेलना मिळून २७० चौरस मीटरच्या आसपास सावलीविना गच्ची लागेल. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरमध्ये सकाळी ९ आणि दुपारी ३ ला कुठे पडते ते खडूने आखून घ्या, मगच आराखड्यावर सही करा.